एमटीबीला रोडबाइकचे गिअर: ५० दात्यांचा मोह आणि ३६ चा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका वाचकाकडे २९ इंची चाकांची हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) आहे. पुढे पेडलपाशी एकच चेनरिंग (चेन ओढणारी दात्यांची चकती), ३२ दात्यांचा. मागे शिमानोच्या डिऑर एम५१०० ची ११ स्पीडची ११-५१ कॅसेट, म्हणजे ११ ते ५१ दात्यांच्या अकरा चकत्यांचा संच. रविवारी ते रोडबाइकवाल्यांच्या ग्रुपबरोबर जुन्या हायवेने लोणावळ्यापर्यंत जातात आणि सपाटीवर मागे पडतात. ‘पाय नुसते फिरतात, सायकल पुढे जात नाही’ हे त्यांचे शब्द. म्हणून पुढे ५० चा चेनरिंग आणि मागे रोडची ११-२८ कॅसेट टाकायचा विचार आहे. अधूनमधून सिंहगड चढतात, आणि हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सफर) करायची आहे.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. ५० चा चेनरिंग तुमच्या फ्रेमवर बसणार नाही. ११-२८ कॅसेट तुमच्या हबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागावर, बसणार नाही. आणि समजा दोन्ही बसले असते, तरी सिंहगडावर तुम्हाला सायकल हातात धरून चालावं लागलं असतं. तुमच्या कामाची जोडी म्हणजे पुढे ३६ आणि मागे ११-४६. पण त्याच्याही आधी टायर बदला.

आता ‘पाय नुसते फिरतात’ याचा हिशोब करू. २९ इंची चाकाला २.२५ चं टायर असेल तर एका फेऱ्यात सायकल साधारण २.३ मीटर जाते. पुढे ३२ आणि मागे सर्वांत लहान ११, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक २.९ वेळा फिरणार आणि तुम्ही ६.७ मीटर पुढे जाणार. मिनिटाला ९० फेरे मारलेत तर वेग होतो ताशी ३६ किलोमीटर. १०० मारलेत तर ४०.

सपाट रस्त्यावर, समोरून वारा नसताना, एमटीबीवर सरळ बसून ताशी ३६ ने जायला ढोबळमानाने साडेतीनशे वॅटच्या वर ताकद लागते. त्यातली बहुतेक हवेला ढकलण्यात जाते आणि उरलेली जाड, गुट्ट्यांच्या टायरमध्ये मुरते. नियमित सायकल चालवणाऱ्या हौशी माणसाला तासभर दोनशे वॅट टिकवता आले तरी ती चांगली तयारी म्हणायची. म्हणजे सपाटीवर तुमचा ३२-११ हा गिअर संपायच्या आधी तुम्ही संपता. ग्रुप ३६ ने जात असेल तर तुम्ही मागे पडता ते दम कमी पडल्यामुळे. तिथे ५० चा चेनरिंग लावला तर गिअर नुसता जड होईल आणि पाय आणखी हळू फिरतील, बाकी काही नाही.

मग पाय नुसते फिरल्यासारखं वाटतं ते कुठे? दोन ठिकाणी. एक म्हणजे उतारावर. कामशेतची खिंड उतरताना किंवा परतीच्या लांब उतारांवर रोडबाइकवाला ५०-११ वर ताशी पन्नासपर्यंत पेडल मारू शकतो, तुमचे पाय चाळिशीतच मोकळे पडतात. हे खरं आहे, पण त्या वेगाला पेडल मारण्यापेक्षा अंग खाली घालून सायकल सोडून दिली तर फारसा फरक पडत नाही. शिवाय जुन्या हायवेवर कडेने ट्रक जात असताना पन्नासच्या वर पेडल मारण्यात शहाणपण नाही, असं माझं मत.

दुसरं ठिकाण जास्त महत्त्वाचं आहे, आणि तक्रार करणाऱ्याला ते नीट सांगता येत नाही. ग्रुप ताशी २८ ने जातोय असं धरा. तुमच्या ३२ ला मागे १५ लावला तर पायांना मिनिटाला ९५ फेरे मारावे लागतात. जरा जास्त वाटतात म्हणून १३ टाकला तर एकदम ८२ वर येता आणि मांड्या भरून येतात. परत १५, परत १३. वारा थोडा वाढला म्हणून आणखी हलका गिअर बघितला तर पुढचा १८ आहे, आणि तिथे ११४ फेरे. रोडबाइकवाल्याकडे याच पट्ट्यात १३, १४, १५ असे एकेका दात्याने वाढणारे गिअर असतात, त्यामुळे त्याचे पाय कायम एका लयीत राहतात. तुमचे पाय तासभर या उड्या मारत असतात. ‘गिअर कमी पडतो’ अशी जी भावना होते ती बहुतेक वेळा या उड्यांची असते, वरच्या वेगाची नसते.

इथे एक गैरसमज सारखा भेटतो. रोडची कॅसेट लावली की सायकल जास्त पळते असं लोक धरून चालतात. रोडच्या कॅसेटची सर्वांत लहान दातेरी (दात्यांची चकती) ११ ची, तुमच्या कॅसेटचीही ११ चीच. पुढचा चेनरिंग तोच ठेवून मागे ११-२८ लावली तर वरचा वेग एका मीटरनेही वाढत नाही. कॅसेट बदलून मधल्या उड्या लहान होतात आणि घाटातले हलके गिअर जातात. वरचा वेग हवा असेल तर तो पुढून येतो.

आता ५० का नाही ते बघू. चेनच्या एका दुव्याची लांबी १२.७ मिलिमीटर. त्यावरून ३२ दात्यांच्या चेनरिंगचा व्यास साधारण १२९ मिलिमीटर, ३६ चा १४५ आणि ५० चा २०२ येतो. म्हणजे ३२ वरून ५० वर गेलात तर चेनरिंगची कडा ३६ मिलिमीटर बाहेर सरकते. तुमच्या सायकलचा उजवा चेनस्टे, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी, बघा. बीबीपासून (पेडलची आस फिरते तो फ्रेमचा भाग) मागे जाताना तो जाड टायरला जागा द्यायला बाहेर वळलेला असतो, म्हणजे नेमका चेनरिंगच्या वाटेत येतो. बहुतेक २९ इंची एमटीबी फ्रेम ३४ किंवा ३६ पर्यंतच जागा देतात, काही ३८ पर्यंत. कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये कमाल चेनरिंग लिहिलेला असतो, तो आधी शोधा.

लिहिलेला नसेल तर पुठ्ठ्याने मोजा. क्रँक (पेडलचा दांडा) न काढताही अंदाज येतो. ३६ साठी ७७ मिलिमीटर त्रिज्येची चकती कापा. ७३ चेनरिंगची आणि वर चेनच्या पट्टीसाठी चारेक. क्रँकच्या अक्षाच्या मध्यावर ती बसेल असं छिद्र पाडून, अर्धी चिरून, सध्याच्या चेनरिंगच्या पातळीत सरकवा. पुठ्ठा चेनस्टेला टेकला तर विषय संपला. टेकला नाही तर चकती आणि फ्रेममध्ये किती फट राहते बघा. तीन-चार मिलिमीटर तरी हवी, कारण उभं राहून जोर लावला की क्रँक आणि फ्रेम दोन्ही थोडे वाकतात. फट दीड मिलिमीटर असताना ‘बसला की’ म्हणून लावलेले चेनरिंग मी दुकानात बघितलेत. चेनस्टेवरचा रंग गेलेला असतो आणि खाली चंद्रकोरीसारखी खाच पडलेली असते. खोल असेल तर ॲल्युमिनियमची फ्रेमही ती कमजोर करते. कार्बन फ्रेमवर ती फ्रेमच धोक्यात आणते.

‘मग रोडचा क्रँकच लावू का?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. नको. रोडचा क्रँक ६८ मिलिमीटर रुंदीच्या बीबीसाठी बनवलेला असतो, थ्रेडवाल्या एमटीबीचा बीबी बहुधा ७३ चा असतो, त्यामुळे आस अपुरी पडते. शिवाय रोडच्या क्रँकवर चेन फ्रेमच्या मध्यापासून ४३ ते ४५ मिलिमीटरवर धावते, तुमच्या सायकलवर ती ५२ च्या आसपास धावायला हवी. जुगाड करून बसवलाच तरी चेनरिंग चेनस्टेला घासणार आणि मागच्या मोठ्या दातेरीवर चेन तिरकी जाऊन करकरत राहणार.

चेनरिंग घेताना तो ‘नॅरो-वाइड’ असल्याची खात्री करा, म्हणजे एक दाता बारीक, एक जाड असा. पुढे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) नसल्यामुळे चेनला जागेवर धरून ठेवायचं काम हे दातेच करतात, मागच्या डिरेलरमधला चेन ताणून धरणारा क्लच त्यांना मदत करतो. टू-बायच्या (पुढे दोन चेनरिंग असलेल्या) क्रँकमधून काढलेल्या रोडच्या चेनरिंगला चेन सहज उतरावी म्हणून मुद्दाम आखूड दाते, खाचा आणि पिना दिलेल्या असतात. तो एकेरी लावला तर खड्ड्यात चेन उतरणारच. आपल्याकडे खड्डा शोधायला ट्रेलवर जावं लागत नाही, हे काय वेगळं सांगायला नको. दुसरं म्हणजे क्रँकला चेनरिंग कसा बसतो ते बघून घ्या: चार बोल्टचा की डायरेक्ट माउंट (क्रँकवर थेट बसणारा), आणि डायरेक्ट माउंट असेल तर ऑफसेट, म्हणजे चेनरिंग आत किती सरकलेला आहे ते अंतर, किती. जुना चेनरिंग काढला की मागे कोरलेलं असतं. तोच ऑफसेट घ्या.

आता कॅसेट. शिमानोचा ११ स्पीड रोडचा फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) हा जुन्या ८-९-१० स्पीडच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिलिमीटर लांब असतो. ११ स्पीडची एमटीबी कॅसेट मात्र जुन्याच लांबीच्या फ्रीहबवर बसते, कारण तिच्या मोठ्या दातेऱ्या मागे स्पोकच्या बाजूला झुकलेल्या असतात. तुमचा हब असा जुन्या लांबीचा आहे. त्यावर ११-२८ किंवा ११-३० सारखी ११ स्पीडची रोड कॅसेट सरकवली तर शेवटच्या दातेरीला फ्रीहब पुरत नाही, कॅसेट आवळणाऱ्या लॉकरिंगला आटेच मिळत नाहीत. कोणी कॅसेटची मागची बाजू घासून बसवून देतो म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

याला एक अपवाद आहे. शिमानोची एचजी८०० आणि एचजी७०० ही ११-३४ कॅसेट मुद्दाम जुन्या लांबीच्या हबवर बसेल अशी बनवली आहे. तिच्या दातेऱ्या ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४ अशा जातात. उड्या लहान, चाल सुरेख. सपाट प्रदेशात राहणाऱ्याला, नागपूरच्या किंवा सोलापूरच्या माणसाला, मी ती निःशंकपणे सुचवेन. पुण्यातल्या माणसाला नाही. कारण घाट.

घाटाचा हिशोबही मांडून टाकू, कारण खरा निर्णय तिथे होतो. सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून आठ-नऊ किलोमीटर, सरासरी चढ सातेक टक्के, काही वळणांवर त्याहून बराच कडक. आठ टक्के चढ धरा, आणि सायकल, माणूस, पाणी मिळून ९० किलो वजन. ताशी ८ किलोमीटरने चढायला पावणेदोनशे वॅट लागतात. हौशी माणसाची ताकद एवढीच असते, म्हणजे वेग ठरलेला आहे. तो वेग पायाच्या किती फेऱ्यांत येतो एवढंच गिअर ठरवतो.

तुमच्या सध्याच्या ३२-५१ वर ताशी ८ ला मिनिटाला ९२ फेरे पडतात. आरामात. ३६-५१ वर ८२. ३६-४६ वर ७४, अजूनही उत्तम. ३६-४२ वर ६८, चालतं, तासभर जरा दाबून. ३६-३४ वर ५५ आणि ३८-३४ वर ५२. इथून गुडघ्याला भार कळायला लागतो. आणि तुमच्या मनातल्या ५०-२८ वर? ३२. मिनिटाला बत्तीस फेरे म्हणजे प्रत्येक पेडलवर उभं राहून जिना चढल्यासारखं. कडक वळणावर तेवढेही होत नाहीत, सायकल थांबते. ताकद तीच लागते, पण ती कमी फेऱ्यांत बसवायची म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यातून तिप्पट जोर जातो. चाळिशीनंतर गुडघे हा हिशोब व्याजासकट वसूल करतात.

म्हणून ११-४६. ११ स्पीडमधल्या शिमानोच्या एसएलएक्स एम७००० आणि एक्सटी एम८००० मालिकेत ती आहे: ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२, ३७, ४६. हब तोच चालतो. तुमच्या ५१ वाल्या कॅसेटमध्ये १५ नंतर १८ आणि मग २१ येतो, हिच्यात त्या जागी १७ आणि १९ आहेत. सपाटीवर माणूस दिवसभर ज्या पट्ट्यात असतो तिथेच एक जादा गिअर मिळतो. ताशी २८ ला पुढे ३६ आणि मागे १५ असेल तर ८५ फेरे, १७ असेल तर ९६, १९ असेल तर १०७. रोडबाइकइतकं बारीक नाही, पण पाय शोधतात तो गिअर साधारण सापडतो. याची किंमत शेवटी मोजावी लागते: ३७ वरून ४६ ही मोठी उडी आहे. घाटात कडक वळणाआधी ४६ टाकलात तर पाय एकदम हलके पडतात, लय तुटते. सवय होते, पण पहिल्या वेळी जाणवतं. ज्यांना हे अजिबात नको त्यांनी ११-४२ घ्यावी, तिच्यात पहिले दहा गिअर हेच आणि शेवटी ३७ नंतर ४२ येतो.

३६ चा आणखी एक फायदा दुकानात बसणाऱ्याला जास्त दिसतो. हायवेवरच चालणाऱ्या ३२ वाल्या एमटीबी सर्व्हिसिंगला येतात तेव्हा कॅसेटच्या १३ आणि १५ च्या दातेऱ्या माशाच्या गळासारख्या वाकड्या झालेल्या असतात आणि मागच्या ३९, ४५, ५१ अगदी कोऱ्या, त्यांच्यावर साधा काळा डागही नसतो. चेन दिवसभर कडेच्या लहान दातेऱ्यांवर तिरकी पळते. लहान दातेरीवर थोड्याच दात्यांवर सगळा ताण येतो आणि चेनचा दुवा जास्त कोनात वळतो, त्यामुळे झीजही जास्त आणि घर्षणही. पुढे ३६ लावला की तोच वेग मागे दोन-तीन दाते मोठ्या दातेरीवर मिळतो. ब्रेव्हेचा वेग घ्या: ताशी २० ला ३६-२१ वर ८५ फेरे पडतात. आणि ११-४६ मध्ये २१ ही बरोबर मधली, सहावी दातेरी. चेन जवळजवळ सरळ रेषेत.

चेनच्या लांबीची भीती सगळ्यांना असते आणि इथे ती रास्त आहे. चेन आखूड राहिली आणि चुकून मागे सर्वांत मोठी दातेरी पडली तर डिरेलर हँगरसकट, म्हणजे तो टांगलेला असतो त्या पट्टीसकट, उपटून येतो. साधा नियम असा: पुढचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या दातेरीचे दाते मिळवा. ही बेरीज चारने वाढली की चेन एक इंचाने, म्हणजे आतला-बाहेरचा मिळून एका जोडीने, लांब हवी. तुमची आत्ताची बेरीज ३२ अधिक ५१, ८३. नवी ३६ अधिक ४६, ८२. म्हणजे लांबीला हात लावायची गरजच नाही. हीच गंमत आहे या जोडीत. ५१ ची कॅसेट तशीच ठेवून नुसता ३६ लावलात तर मात्र बेरीज ८७ होते आणि एक जोडी वाढवावी लागते. तुकडा जोडण्यापेक्षा तेव्हा नवीन चेनच घ्या. नव्या कॅसेटला तर नवीन चेन हवीच. ११ स्पीडची चेन झीज मोजायच्या गेजवर ०.५ दाखवायला लागली की बदलायची, ०.७५ ची वाट बघायची नाही.

बसवल्यावर बी-स्क्रू नव्याने लावायला विसरू नका. हा डिरेलरच्या मागचा छोटा स्क्रू वरच्या पुलीचं कॅसेटपासूनचं अंतर ठरवतो. ५१ साठी तो बराच आत घातलेला असतो. मोठी दातेरी ४६ ची झाली की पुली लांब राहते आणि गिअर उशिरा, आळसावून पडतात. सर्वांत मोठी दातेरी टाकून, स्क्रू थोडा थोडा सैल करत पुली जवळ आणायची, पण दाते पुलीला घासेपर्यंत नाही. मागेही सस्पेन्शन असलेली सायकल असेल तर वर माणूस बसलेला असताना हे अंतर बघितलेलं बरं. हीच अडचण ११-३४ ला जास्त येते. ५१ साठी बनवलेला डिरेलर मोठ्या दातेऱ्यांच्या चढाला जुळेल असा खाली सरकत जातो. कॅसेट तितकी चढत नाही, मग हलक्या गिअरला पुली आणि दातेरीत बोटभर फट राहते. गिअर पडतात, पण खटकन नाहीत.

एवढं सगळं सांगितल्यावर पुन्हा टायरवर येतो, कारण खर्च आणि फायदा याच्या हिशोबात पहिला नंबर त्याचाच. गुट्ट्यांच्या टायरच्या जागी २९ गुणिले २.० चं गुळगुळीत किंवा जवळजवळ गुळगुळीत टायर लावा, हवा थोडी जास्त भरा, फोर्क हायवेवर लॉक ठेवा. २९ इंची रिम आणि रोडचं ७०० सी रिम यांचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर, त्यामुळे ‘सरळ २८ मिलिमीटरचं रोड टायरच लावतो’ असा मोह होतो. नका लावू. एमटीबीचं रिम आतून २५-३० मिलिमीटर रुंद असतं. इतक्या रुंद रिमवर बारीक टायर नीट बसत नाही, खड्ड्यात रिमला मार बसतो, आणि टायर निघायची भीती राहते. रिमवरच्या स्टिकरवर आतली रुंदी लिहिलेली असते. ती ३० असेल तर पन्नास मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. बारीक टायरने चाकाचा घेर थोडा कमी होऊन गिअर किंचित हलका होतो, पण ३६ त्याची भरपाई करून उरतो.

आणि ग्रुपमध्ये पुढच्याच्या मागच्या चाकाला धरून चालवायला शिका. समोरच्या वाऱ्यात वडगाव ते कामशेत एकट्याने वारा अंगावर घेत गेलात तर कुठलाही चेनरिंग वाचवणार नाही. रुंद, सरळ हँडलवर छाती उघडी ठेवून बसण्यापेक्षा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) उलटा करून हँडल दोन बोटं खाली आणलं तरी फरक कळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ज्यांच्या सायकली वेगळ्या आहेत त्यांच्यासाठी थोडं. शिमानोचं १२ स्पीड असेल तर हब बहुधा मायक्रो स्प्लाइन या नव्या खाचांचा असतो (डिऑरच्याच काही १२ स्पीड सायकली एचजी, म्हणजे जुन्या खाचांच्या, हबवर येतात, ते आधी बघा), आणि मायक्रो स्प्लाइनवर १२ स्पीडची रोड कॅसेट बसत नाही. तिथे १०-५१ च्या जागी १०-४५ हा पर्याय आहे: १०, १२, १४, १६, १८, २१, २४, २८, ३२, ३६, ४०, ४५. पुढे ३६ असेल तर ३६-१० वर ९० फेऱ्यांना ताशी ४४-४५ मिळतात, कोणत्याही एमटीबीला पुरे. श्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या १० दात्यांवाल्या ईगल मालिकेचा फ्रीहब एक्सडी पद्धतीचा असतो. श्रॅमच्या १२ स्पीड रोड कॅसेट एक्सडीआरच्या, म्हणजे इथेही १.८५ मिलिमीटरचा फरक, आणि एक्सडीआरची कॅसेट एक्सडीवर जात नाही. तिथे फक्त चेनरिंग बदला. ८ किंवा ९ स्पीडची साधी सायकल असेल तर मात्र मजा आहे. त्यात रोड आणि एमटीबीच्या कॅसेट एकाच हबवर बसतात, स्वस्तही असतात, ११-३२ किंवा ११-३४ लावून बघायला हरकत नाही. फक्त आधी मागे कॅसेटच आहे ना, की आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील, ते मेकॅनिककडून बघून घ्या.

दोन चाकजोड्या ठेवायची कल्पना कोणाला सुचत असेल तर ती चांगली आहे. एका जोडीवर गुट्ट्यांचे टायर आणि ११-५१, दुसरीवर गुळगुळीत टायर आणि ११-३४. चेन न बदलता दोन्ही चालतात, कारण ११ ते ५१ झेपणाऱ्या चेनला मधलं सगळंच झेपतं. पण हबची रुंदी तीच हवी. तुमच्या फ्रेमला १४८ मिलिमीटरचा बूस्ट हब असेल तर १४२ चं ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची ड्रॉप हँडलवाली सायकल) किंवा रोडचं चाक बसणार नाही. आणि दोन्ही कॅसेट एकाच चेनवर फिरवायच्या तर दोन्ही साधारण सारख्या झिजलेल्या हव्यात.

ड्रॉप हँडल आणि रोडचे शिफ्टर लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. शिमानोच्या १० स्पीडपासून पुढे एमटीबीचा डिरेलर आणि रोडचा शिफ्टर केबल वेगवेगळी ओढतात, गिअर जुळत नाहीत. मध्ये बसवायचे टॅनपॅनसारखे तुकडे मिळतात, ९ स्पीडच्या जुन्या डिरेलरला रोडचे बरेचसे जुने शिफ्टर चालतात, श्रॅमच्या वायरलेसमध्ये रोडचा लिव्हर आणि ईगलचा डिरेलर सरळ जोडता येतो. पण हायड्रॉलिक ब्रेक बदलायचे, आणि वर एमटीबीची लांब फ्रेम ड्रॉप हँडलला आणखी लांब पडते. तेवढ्या पैशात जुनी ग्रॅव्हल किंवा रोडबाइक येते. सरळ हँडलला आत छोटे बारएंड लावा, हात बदलायला जागा मिळते, तेवढं पुरतं.

ब्रेव्हेची काळजी गिअरच्या बाजूने करूच नका. २०० ला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी १५ च्या आत. एमटीबीवर ती करणारे दरवर्षी असतात आणि ते ३२ वरही करतात. तिथे सीट, हात आणि पोट यांची तयारी जास्त लागते.

चेनस्टेची फट मोजून ३६ बसत नाही असं निघालं तर ३४ लावा. ३४-४६ हीसुद्धा चांगली जोडी आहे, घाटात ७८ फेरे मिळतील. आणि जुना ३२ विकू नका. ३६ ला बसवलेली चेन ३२ वर तशीच चालते, बदलायला अर्धा तास लागतो. सामान लादून कोकणात उतरणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी तो परत चढवा, कारण परतीला घाट आहेच.